पिकअपच्या काचेवरची फिल्म दर उन्हाळ्यात का खराब होते, आणि बदलूनही केबिन का तापते?

एप्रिल उजाडला की जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या पिकअपवाल्यांची एकच मागणी असते: ‘भाऊ, ही काढ आणि हिच्यापेक्षा काळी टाक.’ मागच्या वर्षीची फिल्म जांभळी पडलेली असते, मागच्या काचेवर फुगे आलेले असतात, दाराच्या काचांवर उभे ओरखडे असतात. केबिन मात्र होती तशीच भट्टी. नवी लावली की काही आठवडे समाधान वाटतं, मग पुन्हा तेच. त्यातच पासिंगची तारीख आली की आरटीओच्या फाटकाच्या अलीकडे फिल्म सोलायची आणि पासिंग झालं की दुसरी चिकटवायची. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी हे आहेच.

फिल्मवर फिल्म बदलत राहण्याआधी गाडीचं नीट निदान करावं. केबिन तापणं, फिल्म खराब होणं आणि पोलिसांनी अडवणं ही तीन वेगळी दुखणी आहेत. तिन्हींवर ‘अजून काळी’ हा एकच उतारा चालत नाही. उलट तिन्ही वाढतात.

आधी बघा, उष्णता येतेय कुठून

कारचा हिशोब पिकअपला लावू नका. पिकअपची केबिन लहान, मागची काच डोक्यापासून वीतभर अंतरावर, छताचा पत्रा उघड्यावर आणि त्याच्या आत जेमतेम अस्तर. टाटा एससारख्या छोट्या गाडीत तर इंजिनच सीटखाली. बोलेरो पिकअपसारख्या गाडीत इंजिन पुढे असलं तरी त्याच्या मागचा पत्रा तुमच्या पायांसमोरच असतो.

तपासणी सोपी आहे, पैसे लागत नाहीत. सूर्य मावळल्यावर तास-दीड तास गाडी चालवा. तरीही पाय आणि सीट भाजत असतील तर ती उष्णता इंजिनची आहे, काचेचा तिच्याशी संबंध नाही. पेडलजवळची भोकं, गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर, सीटखालचा निघालेला पत्रा हे बघा. ते बंद केल्याने जो फरक पडतो तो कुठल्याही फिल्मने पडणार नाही.

दुसरी तपासणी उभ्या गाडीची. इंजिन थंड असताना गाडी दुपारभर उन्हात ठेवा आणि मग आत बसून छताला हात लावा, डॅशबोर्डला लावा, मागच्या काचेला लावा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी मागच्या काचेवर बाहेरून जाड पुठ्ठा बांधून ठेवा. तिसऱ्या दिवशी पुढच्या काचेवर. कुठल्या पुठ्ठ्याने जास्त फरक पडला ते बसल्याबरोबर कळतं. बहुतेक गाड्यांत उत्तर येतं पुढची काच आणि छत. पुढची काच सगळ्यात मोठी, तिरकी, आणि तिच्याखाली काळा डॅशबोर्ड. लोक मात्र फिल्मचा आग्रह धरतात तो दारांना आणि मागच्या काचेला, कारण काळेपणा तिथे दिसतो.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. तुमच्या पिकअपला एसी आहे का? १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, पण एकूण वजन साडेतीन टनांपर्यंत असलेल्या पिकअप त्या नियमात येत नाहीत. बिनएसीच्या गाडीत ड्रायव्हर मे महिन्यात काचा खाली करूनच चालवणार. खाली केलेली काच म्हणजे दाराच्या पोटात गेलेली फिल्म. ती ऊन अडवणार कसं? अशा गाडीच्या दारांना महागडी फिल्म लावायला मी स्वतः सांगत नाही. तेच पैसे छताच्या आत उष्णतारोधक फोम किंवा अस्तर घालायला आणि पुढच्या काचेला गाडी उभी असताना लावायच्या चंदेरी पडद्याला घाला.

काळेपणा वेगळा, गारवा वेगळा

जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाच्या ऊर्जेत साधारण निम्मा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, चाळीसच्या वर टक्के दिसणाऱ्या प्रकाशाचा आणि जेमतेम पाचेक टक्के अतिनील किरणांचा. साधी काळी फिल्म म्हणजे रंगवलेलं पॉलिएस्टर. ती मुख्यतः दिसणारा प्रकाश खाते, म्हणून डोळ्यांना थंड वाटतं. अवरक्त भाग बराचसा तसाच आत येतो. शिवाय जे ऊन फिल्म शोषते त्याने काच तापते. गाडी पळत असेल तर बाहेरचा वारा ती उष्णता उडवून नेतो. गाडी बाजार समितीच्या आवारात तीन तास उभी असेल तर ती तापलेली काच आतही उष्णता सोडत बसते. म्हणून रस्त्यावर ‘फरक आहे’ म्हणणारा माणूस लोडिंगच्या रांगेत उभा राहिला की शिव्या घालतो.

सिरॅमिक फिल्म यासाठीच वेगळी. तिच्यातले सूक्ष्म कण अवरक्त किरण अडवतात आणि दिसणारा प्रकाश बराचसा सोडतात. त्यामुळे जवळजवळ पारदर्शक दिसणारी चांगली सिरॅमिक फिल्म काळ्याकुट्ट स्वस्त फिल्मपेक्षा जास्त उष्णता अडवू शकते. गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड जातं, कारण पैसे देऊन काच पांढरीच राहिली असं वाटतं.

दुकानात दिवा लावून दाखवतात, तो खेळही समजून घ्या. लाल दिव्यासमोर फिल्मचा तुकडा धरतात, तुमचा हात मागे ठेवायला सांगतात, हाताला काही जाणवत नाही. ‘बघा, ९० टक्के हीट कट!’ त्या दिव्याची उष्णता बहुतांशी अवरक्त किरणांची असते, उन्हाची तशी नसते. ९० टक्के हा आकडा अवरक्त किरणांपुरता असतो, कधी कधी तर त्यातल्याही एका अरुंद पट्ट्यापुरता. अवरक्त म्हणजे उन्हाचा निम्मा भाग. म्हणजे ९० टक्क्यांचे एकूण उन्हात जास्तीत जास्त पंचेचाळीसेक टक्के झाले. विचारायचा आकडा वेगळा आहे: एकूण सौर ऊर्जेपैकी किती टक्के अडवली जाते. फिल्मच्या माहितीपत्रकावर तो ‘टीएसईआर’ या नावाने छापलेला असतो. दुकानदाराला तो सांगता आला नाही तर दुसरं दुकान बघा.

अतिनील किरणांचा मुद्दा गारव्याचा नाही, पण ड्रायव्हरच्या कातडीचा आहे. पुढची काच दोन थरांची असते, मधल्या प्लॅस्टिकच्या थरामुळे अतिनील किरण जवळपास सगळे अडतात. दाराची काच एकथरी असते, तिच्यातून त्यांचा बराच भाग आत येतो. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं गाडी चालवून त्याच्या चेहऱ्याची डावी, म्हणजे खिडकीकडची बाजू सुरकुतून गेली होती आणि उजवी बरीच तरुण दिसत होती. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा हिशोब उजव्या गालाचा आणि उजव्या हाताचा. अतिनील किरण अडवायला फिल्म काळी असावी लागत नाही, पारदर्शक फिल्मही ते काम करते.

७० आणि ५० चं गणित

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने अभिषेक गोयंका यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि काचांवर कुठल्याही टक्क्याची काळी फिल्म किंवा इतर वस्तू चिकटवायला बंदी घातली. जाळीचे काळे पडदेही त्या ‘इतर वस्तूं’मध्ये धरले जातात, हे पुष्कळांच्या गावी नसतं. पुढे नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लास’बरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’लाही, म्हणजे आतून प्लॅस्टिकचा थर असलेल्या काचेलाही, जागा मिळाली. त्या आधारावर केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये असा निर्णय दिला की मानकात बसणारी आणि ७०-५० ची मर्यादा पाळणारी फिल्म असेल तर दंड करता येणार नाही.

म्हणून ‘आता फिल्म कायदेशीर झाली, काय पाहिजे ते लावा’ असं कुणी सांगत असेल तर अर्धंच सांगतोय. मर्यादा होती तीच आहे. आणि आपल्या चौकातला हवालदार केरळचा निकाल वाचून उभा नसतो, त्याला काच काळी दिसली की त्याने हात केलाच. दंड बहुतेक वेळा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली, पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा सापडलात तर १,५०० पर्यंत.

आता खरी मेख. हे टक्के फिल्मचे नाहीत, फिल्म लावलेल्या काचेचे आहेत. कंपनीतून आलेली काच स्वतःच थोडा प्रकाश खाते, हिरवट छटेची असेल तर जास्त. समजा दाराची काच ७५ टक्के प्रकाश सोडते. तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली तर ७५ चे ७० टक्के म्हणजे ५२.५. नियमात बसली, काठावर का होईना. त्याच काचेवर दुकानदाराने ‘कायदेशीर ५० वाली’ म्हणून दिलेली फिल्म लावली तर होतात ३७.५. म्हणजे ‘पन्नास’ लिहिलेली फिल्म लावूनही तुम्ही चुकीच्या बाजूला.

मागच्या काचेचं गणित आणखी कडक. तिथे ७० राखायचे आहेत. काच ८० टक्क्यांची असेल तर ९० टक्क्यांच्या फिल्मने ७२ होतात, इतकंच. ७० ची लावली की थेट ५६. ‘मागे ताडपत्री असते, कोण बघतंय’ हे उत्तर मी नेहमी ऐकतो. पासिंगला बघतात, आणि माल उतरवून रिकामी परतताना सगळेच बघतात. पुढच्या काचेला जवळजवळ पूर्ण पारदर्शक फिल्मच चालू शकते. तिथेही काच ७५ ची असेल तर ९० च्या फिल्मने ६७.५ होऊन तुम्ही बाहेर.

मोजायला पोलिसांकडे यंत्र असतं. तुमच्याकडे मोबाइल आहे. प्रकाश मोजणारं लक्स मीटरचं एखादं फुकट ॲप घ्या, मोबाइल सावलीत खिडकीच्या आत एका जागी टेकवा, काच खाली करून आकडा बघा, मग मोबाइल न हलवता काच वर करून बघा. पहिला आकडा ८,००० आणि दुसरा ४,२०० आला तर साधारण ५२ टक्के. अंदाजच तो, कोर्टात चालणार नाही, पण दुकानात फसवणूक टळते. फिल्म लावण्यापूर्वी नुसत्या काचेचं माप घेतलं तर कुठली फिल्म चालेल हे तिथल्या तिथे गुणाकार करून कळतं.

बिल, फिल्मचे टक्के आणि आयएस २५५३ (गाडीच्या काचांचं भारतीय मानक) चा उल्लेख असलेलं प्रमाणपत्र गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. असं प्रमाणपत्र मिळत नसेल तर ती फिल्म पासिंगच्या आदल्या दिवशी सोलायचीच आहे असं समजून चाला.

खराब झालेली फिल्म काय सांगते

जांभळी पडली: रंग उडाला. स्वस्त फिल्ममधला काळा रंग दोन-तीन रंगांच्या मिश्रणातून केलेला असतो. उन्हाने त्यातले काही आधी मरतात आणि जांभळट छटा मागे उरते. याला इलाज नाही. त्याच प्रकारची पुन्हा लावाल तर पुन्हा जांभळीच होणार. सिरॅमिकमध्ये रंगाचा भरवसा धरलेला नसतो, म्हणून ती अशी पडत नाही.

फुगे आले: कधी आले ते महत्त्वाचं. लावल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसणारे बारीक पाण्याचे फुगे आपोआप वाळतात, त्यांना नख लावू नका. फुग्याच्या मधोमध बारीक कण दिसत असेल तर लावताना धूळ अडकली, तो तसाच राहणार. एखाददुसरा हवेचा फुगा बारीक सुईने टोचून दाबता येतो. पण एक उन्हाळा काढल्यावर काचभर फुगे आले तर गोंद मेला. कितीही दाबा, दुसऱ्या दिवशी परत.

मागच्या काचेच्या कडेने सुटत आली: हे पिकअपचं खास दुखणं. बऱ्याच पिकअपच्या मागची काच रबराच्या चौकटीत बसवलेली असते. घाईत लावणारा कारागीर फिल्म रबराच्या आत खोचून टाकतो, दिसायला स्वच्छ दिसतं. पावसाळ्यात त्या रबरात पाणी धरून राहतं, ते कडेने फिल्मखाली चढतं आणि खड्ड्यांत चौकट हलली की रबर कड घासत राहतं. फिल्म रबरापासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर अलीकडे सरळ कापलेली पाहिजे. बारीकशी उघडी रेघ दिसेल, दिसू दे.

दाराच्या काचेवर उभे ओरखडे: बहुतेक जण फिल्मला दोष देतात. काच खाली करा आणि दाराच्या तोंडाशी जी मखमली पट्टी असते तिच्यावरून बोट फिरवा. केळीच्या शेतातून, वीटभट्टीवरून, रेतीच्या घाटावरून येणाऱ्या गाडीत बोटाला बारीक वाळू लागेल. दिवसातून वीस वेळा काच वर-खाली होते आणि प्रत्येक वेळी ती वाळू फिल्मवर रेघ मारते, कारण फिल्म आतल्या बाजूला असते आणि पट्टी तिलाच चिकटून असते. पट्टी झिजून कडक झाली असेल तर नवी टाका. ती फिल्मच्या मानाने अगदी स्वस्त आहे. नुसती घाण असेल तर ओल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ करा. हे न करता नवी फिल्म लावली तर महिन्याभरात रेघा परत.

डाग आणि धुरकटपणा: रावेर-सावद्याकडच्या गाड्यांत केळीच्या चिकाचे काळे डाग नेहमीचे. हमाल चिकाच्या हाताने काच धरतो, ड्रायव्हर ते थिनरने नाहीतर पेट्रोलने पुसतो, आणि फिल्मवरचा ओरखडारोधक थर तिथेच जातो. अमोनिया असलेले काच पुसायचे स्प्रेही टाळा. डाग ताजा असतानाच साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, एवढंच.

फास्टॅग वाचला जात नाही, जीपीएस हरवतो: पुढच्या काचेवर धातूचा थर असलेली फिल्म आहे का बघा. धातू रेडिओ लहरी अडवतो. टोलवर गाडी पुढे-मागे करावी लागत असेल आणि टॅग बदलूनही फरक पडत नसेल तर संशय फिल्मवर घ्या. सिरॅमिकला ही अडचण नसते.

रात्री आरसे अंधुक दिसतात: बाहेरचे आरसे तुम्ही दाराच्या काचेतूनच बघता, हे फिल्म निवडताना ध्यानात येत नाही. दिवसा छान वाटणारी काच दिवे नसलेल्या शेतरस्त्यावर रिव्हर्स घेताना नडते. नमुन्याचा तुकडा रात्री दुकानाबाहेर काचेवर धरून आरशात बघा, मग ऑर्डर द्या.

काढताना आणि लावताना

जुनी फिल्म कोरडी ओढू नका. वर गोंद राहतो आणि तो खरवडण्यात काचेवर कायमच्या रेघा पडतात. हॉट एअर गनने किंवा वाफेने एका कोपऱ्यापासून गरम करत, सावकाश, एका अंगाने ओढायची. उरलेला गोंद साबणाच्या पाण्यात भिजवून ब्लेडने काढता येतो, पण हिलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या गाडीच्या मागच्या काचेवर डीफॉगरच्या, म्हणजे काच गरम करून धुकं घालवणाऱ्या, तारा असतील तर तिथे ब्लेड अजिबात नाही. तार एकदा तुटली की ती ओळ कायमची बंद.

लावून घेताना जागा बघा. रस्त्याच्या कडेला, मोकळ्या वाऱ्यात फिल्म लावणाऱ्याचा हात कितीही चांगला असला तरी धूळ अडकणारच. बंद शेड, जमिनीवर मारलेलं पाणी, काचेच्या मापाने आधी कापलेली फिल्म आणि बेबी शाम्पूचे दोन-चार थेंब घातलेलं स्वच्छ पाणी एवढं दिसलं तर काम बरं होईल. दोन तुकडे जोडून लावतो म्हणाला तर उठा.

एसी असलेली पिकअप असेल तर माझा सल्ला: दारांना ७० टक्क्यांची चांगली सिरॅमिक, मागच्या काचेला मापात बसली तर ९० ची पारदर्शक सिरॅमिक, नाही बसली तर काहीच नाही. पुढच्या काचेला हात लावू नका, चंदेरी पडदा वापरा. मागच्या काचेवर थेट ऊन येतं ते बहुधा रिकाम्या फेरीत. तेव्हा हौद्याचा तापलेला पत्राही ऊन वर फेकतो, म्हणून ताडपत्री गुंडाळून ठेवण्यापेक्षा हौद्याच्या तळावर पसरून ठेवा.

फिल्म मार्चच्या आधीच लावून घ्या. गर्दी नसते, कारागीर घाई करत नाही आणि हवा कोरडी असल्याने पाणी लवकर सुकतं. पावसाळ्यात लावली तर सुकायला जवळपास दुप्पट वेळ धरा. लावल्यावर चार-पाच दिवस दाराच्या काचा खाली करायच्या नाहीत. हे मालकाला सांगून उपयोग नसतो, गाडी ड्रायव्हर चालवतो. काचेच्या हँडलवर किंवा बटणावर चिकटपट्टी मारून त्यावर तारीख लिहा, नाहीतर पहिल्याच टोलनाक्यावर काच खाली जाईल.